मंडईचा दिवस धरायचा की नाही

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा स्टेशनावर उतरून बाजाराच्या रस्त्याने पायी निघालात, तर दिवाळीच्या आधीपासूनच भिंती, विजेचे खांब, पानठेले नाटकांच्या पोस्टरांनी भरलेले दिसतात. कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज, पण आमच्या एसटीत तिकीट मागताना कुणी देसाईगंज म्हणत नाही. पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्टीला झाडीपट्टी म्हणतात, तिच्या नाट्यमंडळांची ऑफिसं इथे आहेत. ऑफिस म्हणजे एक गाळा, टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागे फ्लेक्सवर नायक, नायिका आणि डोळे वटारलेला खलनायक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या गावांची माणसं येतात, या गाळ्यातून त्या गाळ्यात फिरतात, कलाकार कोण, लावणीला कोण, ऑर्गनवर कोण हे विचारतात, घासाघीस करतात, तारीख पक्की करून इसार देतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हंगामाचा सगळा सौदा पायी फिरण्याच्या अंतरात होतो. गुरनोलीचे झाडीपट्टीतले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रस्त्यावर पेढे वाटले गेले, त्यातला एक माझ्याही वाट्याला आला.

पण नाटक वडशात होत नाही, ते गावात जातं. मोठ्या शहरात नाट्यगृहं, सिनेमे, खाण्याची ठिकाणं एका भागात असतात आणि माणसं तिकडे जातात. इथे पडदे, लाईट, साऊंड, कलाकार गाडीत भरून गावाच्या शिवारात जातात. प्रेक्षक मात्र त्या एकाच गावचा नसतो. मंडई म्हणजे आमच्याकडे भाजीबाजार नव्हे, दिवाळीपासून गावोगाव भरणारी एक दिवसाची जत्रा. ज्या गावची मंडई असेल तिथे आसपासच्या दहा गावांतून माणूस लोटतो. दुकानं लागतात, पाळणे येतात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, किंवा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणी होतात. या माणसांना आणायचं आणि घरी पोचवायचं कसं, हा भाग नाटकाच्या करारात कुठेच नसतो.

मी एसटीत वाहक आहे. माझी ड्यूटी मुक्कामी गाडीची. दुपारी आगारातून निघायचं, जवळच्या फेऱ्या मारायच्या, संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आत जंगलातल्या गावी जायचं, तिथेच झोपायचं आणि पहाटे पावणेसहाला कॉलेजची पोरं, दवाखान्याला जाणारे, कोर्टाच्या तारखेला जाणारे असे सगळे घेऊन निघायचं. गावाचं आणि आगाराचं नाव लिहीत नाही, पुढे का ते कळेल. ग्रामपंचायतीने आम्हाला झोपायला एक खोली दिलेली आहे, पण आमचे ड्रायव्हर, ज्यांना अख्खं आगार मामा म्हणतं, ते गाडीतच मागच्या लांब सीटवर झोपतात. गाडी सोडून झोप लागत नाही म्हणतात.

मुक्कामी गाडीचं दुखणं असं आहे की ती भरून निघते आणि रिकामी पोचते. वडशातून सुटताना ४४ सीट भरलेल्या, वर उभे. अर्ध्या रस्त्यावरच्या मोठ्या गावात निम्मे उतरतात. पुढे जंगल सुरू झालं की शेवटच्या थांब्यापर्यंत बाजारच्या पिशव्या घेतलेली आठ-दहा माणसं. भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचं प्रमाण, काढतात ते पूर्ण अंतरावर. त्यामुळे अर्ध्या रस्त्यापर्यंत कितीही गर्दी कोंबली तरी कागदावर गाडी अर्धी रिकामी. त्यात २०२१ च्या ऑक्टोबरअखेरचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. तेवढ्या महिन्यांत लोकांनी हप्त्यावर मोटारसायकली घेतल्या, काळी-पिवळीवाल्यांनी वेळा बांधून घेतल्या. गाड्या परत सुरू झाल्या, पण प्रवासी लगेच परत येत नसतो. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा गाडीत पुन्हा जीव आला. बायका बाजाराला, माहेराला, बँकेत एकट्या जायला लागल्या. हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं नाही, मशीनचं अर्ध्या तिकिटाचं बटण कसं घासून गुळगुळीत झालं ते बघितलंय.

तरीही माझी मुक्कामी बंद करायच्या यादीत होती. सांगितलं एवढंच की एक निरीक्षक साहेब गाडीवर येतील, प्रवासी मोजतील, मग ठरेल. ते सांगून येत नाहीत. आले ते नेमके आमच्या मुक्कामाच्या गावच्या मंडईला.

त्या दिवशी वडशाच्या स्टँडवर गाडी लावायलाही जागा नव्हती. फलक बघायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, एक चप्पलसुद्धा सीटवर पडली. मामांनी दार उघडायच्या आत लोक पायरीवर. नवी साडी नेसलेल्या बायका, कडेवर पोरं, एका म्हातारीच्या हातात कोंबडा, पाय बांधलेला, तो सारखा माझ्या मशीनकडे बघत होता. मागून पांढऱ्या शर्टातला एक माणूस छातीशी पॅड धरून चढला आणि गर्दीतच म्हणाला, "वाहक, मी सर्व्हेला आलोय. तुम्ही तुमचं काम करा." उभं राहायला जागा नव्हती, तर ते साहेब इंजिनाच्या बाजूला अर्धे टेकले आणि प्रत्येक थांब्याला किती चढले, किती उतरले ते लिहायला लागले.

मी मागच्या सीटपासून तिकिटं फाडत पुढे आलो. अर्धं, अर्धं, एक पूर्ण, अर्धं, शून्य. शून्याचं तिकीट म्हणजे ७५ वर्षांवरचा माणूस. तिकिटावर रक्कम शून्य छापली जाते, पण तो माणूस मशीनमध्ये नोंदला जातो आणि त्याचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. एक आजोबा ते शून्याचं तिकीट दर वेळी दोन्ही हातांनी घेतात आणि घडी करून टोपीत खोचतात. मी एकदा म्हटलं, आजोबा, तिकीट नाही घेतलं तरी तुम्हाला कोण उतरवणार? तर म्हणाले, "नाई जी, मी चकटफू नाई बसत. सरकार देते न माझे पैसे? मंग लिवा." त्या दिवशीही त्यांनी आधी तिकीट मागितलं, मग बसायला जागा.

अर्ध्या रस्त्यावरचं मोठं गाव आलं. रोज निम्मी गाडी उतरते तिथे त्या दिवशी दोघं उतरले आणि पंचवीस चढायला उभे. साहेबांनी मान वर करून बघितलं, काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "आज काही आहे का पुढे?"

"मंडई आहे साहेब."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग आजचा आकडा धरता येणार नाही. यात्रा, मंडई, लग्नतिथी, हे दिवस सरासरीत घेत नाही मी. उद्या परत यावं लागणार."

साहेब हळू बोलले होते, पण एसटीत हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही असं होत नाही. मागून एका बाईने विचारलं, "कायले नाई धरत जी?"

साहेब सभ्य माणूस होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं की रोजची गरज किती आहे ते बघायचं असतं, एका दिवसाच्या गर्दीवर वर्षभराची गाडी चालवता येत नाही. बोलण्यात चूक काही नव्हती. पण ऐकणारे मंडईला निघालेले.

"सालभर रिकामी हाये मनून धरता," ती बाई म्हणाली, "आन भरली का नाई धरत. मंग आमी कवा भरावं?"

गाडी हसली. साहेबसुद्धा. पण बाईचं संपलं नव्हतं. ती मुक्कामाच्या गावातली, बचत गटाची हिशेबनीस. गावात तिला सगळे ताई म्हणतात, मोठे माणसंसुद्धा. वडशाहून तेलाचे दोन डबे आणि बेसनाचं पोतं घेऊन निघाली होती, मंडईत त्यांच्या गटाचं भज्या-वड्यांचं दुकान. ती म्हणाली, आमच्या गावात मंडई एक दिवस भरते, पण या पट्ट्यात दिवाळीपासून कुठे ना कुठे रोज मंडई असते. आज आमच्याकडे, परवा तिकडे. मग शंकरपट, मग महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा. तुम्ही सगळे गर्दीचे दिवस काढून टाकले तर उरते काय? धानाच्या रोवणीचे दिवस? तेव्हा तर माणूस बांधीत असते.

साहेबांनी टोपण परत काढलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

मुक्कामाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. गावाच्या तोंडाशी आमच्याच आगाराची दुसरी एक गाडी उभी. मार्गफलकाच्या जागी पाटीवर लिहिलेलं: प्रासंगिक करार. साहेब चकित. करारावर गाडी लग्नाला निघते, शाळेच्या सहलीला निघते. मंडईला कशी?

ही गोष्ट मला ठाऊक होती, कारण नाट्य मंडळाचा सचिव, जो गावात झेरॉक्सचं दुकान चालवतो, तो महिनाभर आधी माझ्याच गाडीने आगारात चकरा मारत होता. त्याला पाहिजे होतं असं: मंडईच्या रात्री एक गाडी आसपासच्या गावांतून माणसं आणील आणि पहाटे परत नेऊन सोडील. जादा गाडी मागितली तर उत्तर मिळालं की सगळ्याच मंडईंना जादा गाडी द्यायला गाड्या नाहीत आणि माणसंही नाहीत. ते खरंच होतं. मग करारावर घ्या म्हणाले. करारावर म्हणजे किलोमीटर कितीही कमी होवोत, किमान किलोमीटरचे पैसे पडतात, थांबण्याचे वेगळे, वर अनामत, आणि सगळं आगाऊ. आकडा ऐकून सचिवाचं तोंड उतरलं होतं. परतीच्या वाटेवर तो गाडीत बोलला नाही.

खरं तर अंतरं मोठी नाहीत. एक गाव तीन किलोमीटर, एक चार, एक पाच. आमच्या लहानपणी लोक कंदील घेऊन, गाणी म्हणत पायी यायचे. आता पायी येत नाहीत, कारण वाघ. ज्याने वडसा, ब्रह्मपुरी, भंडाऱ्याकडच्या १३ जणांचा जीव घेतला तो सीटी-१ नावाचा वाघ २०२२ च्या ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात पकडला. तो गेला, पण बाकीचे आहेतच. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडकडून हत्तींचा कळप आला, तोही धानाच्या बांध्यांतून फिरत राहतो. शहरातले लोक पायी फिरता येण्याजोग्या भागाबद्दल बोलतात तेव्हा फूटपाथ, झाडाची सावली, सिग्नल असं बोलतात. आमच्याकडे रस्ता मोकळा आहे, चांदणं आहे, हवा चांगली आहे आणि तरीही रात्री चार किलोमीटर पायी जाता येत नाही. मोटारसायकलीवर तिघं-तिघं बसून जातात. बायका आणि म्हातारे घरी राहतात. म्हणजे नाटकाचा अर्धा प्रेक्षक घरी.

हे गणित ताईनेच मांडलं होतं. गावच्या बैठकीत तिने विचारलं, गेल्या साली नाटक किती वाजता पातळ झालं? कुणीतरी म्हणालं, बारानंतर. का झालं? बाया उठून गेल्या, कारण नेणारा नवरा किंवा पोरगा निघाला. बाया गेल्या म्हणजे आमचे वडे राहिले, बांगड्या राहिल्या, पाळणा रिकामा फिरला. मग गाडी कुणासाठी? फक्त बसणाऱ्यासाठी? वडेवाल्यासाठी नाही? पाळणेवाल्यासाठी नाही?

मग ठरलं. नाटकाच्या प्रत्येक तिकिटावर १० रुपये गाडीचे. खुर्ची असो की जमीन, तेवढेच. प्रत्येक दुकानाच्या जागेवर १०० रुपये गाडीचे. आकाशपाळणेवाला आधी नाही म्हणाला, मग जागा कोपऱ्यात देतो म्हटल्यावर ५०० काढले. पानठेलेवाल्याने दिले नाहीत ते नाहीतच. उरलेले शंकरपट कमिटीने टाकले. शंकरपट सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने परत सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे चार पैसे असतात. आणि नाटकाचं तिकीट ज्याच्याकडे, त्याला गाडीत तिकीट नाही. तिकीट दाखवायचं आणि बसायचं.

साहेबांना परत जायला गाडी नव्हती. आमची गाडी मुक्कामी, करारावरची नाट्य मंडळाच्या ताब्यात. मामा म्हणाले, "आता तुमचाही मुक्काम." ताईच्या गटाने पानात वडे आणि उकडलेले शिंगाडे आणून दिले. शिंगाडे सोलताना साहेबांचं नख काळं झालं आणि पॅड त्यांनी मामांच्या सीटमागे ठेवून दिलं.

करारावरच्या गाडीची पहिली खेप आठच्या सुमाराला आली. मी ड्यूटीवर नव्हतो, पण दाराशी जाऊन उभा राहिलो, सवयीने. बायकाच बायका. एकेकीच्या हातात नाटकाचं गुलाबी तिकीट. हात आपोआप कमरेच्या मशीनकडे जात होता आणि तिथे मशीन नव्हतं. अर्धं नाही, शून्य नाही, पूर्ण नाही. जी उतरली तिने भाडं आधीच कुठेतरी, कुणाच्या तरी हातात दिलेलं. वीस वर्षांच्या वर नोकरी झाली, पण पैसे न घेता गाडी रिकामी होताना बघायची ही माझी पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर जरा अस्वस्थ वाटलं. फुकटे पकडायची सवय लागलेल्या माणसाला सगळेच फुकटे दिसतात.

नाटक सुरू व्हायला अकरा वाजले. ते पहाटेपर्यंत चालतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचं नवल वाटतं. मामांचं म्हणणं असं की जुन्या लोकांनी नाटक मुद्दाम रात्रभराचं केलं, उजाडल्याशिवाय घरी जायची सोयच नव्हती म्हणून. खरं-खोटं मामा जाणोत. माझं मत विचाराल तर मधली दोन गाणी कमी केली तरी कुणाचं बिघडणार नाही, पण हे मी वडशाच्या रस्त्यावर मोठ्याने बोलणार नाही.

पहिल्या अंकानंतर आम्ही कनातीबाहेर चहाला उभे होतो. साहेब, मी, मामा, सचिव, थोड्या वेळाने ताई. साहेब नागपुरात नोकरी करून आलेले. ते सांगायला लागले की सिव्हिल लाइन्सला देशपांडे सभागृहात नाटक बघायला ते मेट्रोने जायचे, पण परत येताना रिक्षा. कारण नाटक संपायच्या आत शेवटची मेट्रो गेलेली असायची. एवढी हजारो कोटींची मेट्रो, जर्मनीच्या आणि फ्रान्सच्या बँकांचं कर्ज घेऊन बांधलेली, आणि नाटक सुटल्यावर रिक्षावाल्याशी हुज्जत.

सचिवाने विचारलं, मेट्रोचे पैसे तिकिटातून निघतात का?

"कुठले निघतात," साहेब म्हणाले. "नागपुरात तुम्ही घर घेतलं तर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रोसाठी अधिभार द्यावा लागतो. मेट्रोत कधी बसा, नका बसू. मुंबईतही तसंच. बेस्ट मुंबईत वीजही विकते, तिची बस तर वर्षानुवर्षं विजेच्या बिलावर चालली."

"म्हणजे आमच्यासारखंच," ताई म्हणाली. "पाळणेवाल्याने गाडीचे दिले."

साहेब हसले आणि गप्प झाले. मग मीच बोललो, कारण हा विषय माझ्या पोटात बरीच वर्षं आहे. शहरात घर घेणाऱ्याकडून मेट्रोसाठी पैसे घेतात, आणि आमच्या तिकिटातून मात्र १७.५ टक्के प्रवासी कर सरकारजमा होत आलाय. डिझेलवर कर, टोल नाक्यावर टोल. सवलतीचे पैसे सरकार देतं हे खरं, पण ते येतात तेव्हा येतात. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने उशिरा द्यायचं, आणि मग तोटा किती झाला ते मोजायचं. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, त्यात एसटीचा साठलेला तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवला. तो कसा साठला याची चर्चा चहाच्या टपरीवर जास्त चांगली होते.

साहेब म्हणाले, "हे सगळं मला पाठ आहे हो. पण माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. चढले, उतरले, पूर्ण, अर्धे, मोफत. वडे किती विकले गेले याला रकाना नाही."

"तर तुमी करा न एक," ताई म्हणाली आणि कढईकडे गेली, कारण दुसरा अंक सुरू व्हायच्या आत एक घाणा काढायचा होता.

पुढे मी मोबाईलवर शोधून वाचलं. पॅरिसच्या भागात १९७१ पासून कंपन्यांना कामगारांच्या पगाराच्या हिशेबाने वाहतुकीसाठी कर भरावा लागतो, आता सबंध फ्रान्समध्ये शहरं असा कर लावू शकतात आणि ११ किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तो भरावा लागतो. माणसं वेळेवर कामाला पोचतात त्यात मालकाचा फायदा आहे, मग त्याने द्यावं, असा साधा विचार. जर्मनीतल्या कितीतरी शहरांत नाटकाचं, मैफिलीचं, फुटबॉलचं तिकीट हेच त्या दिवशीचं बस-ट्रामचं तिकीट असतं, नाट्यगृह त्याचे पैसे वाहतूकवाल्यांना देतं. आमच्या सचिवाने यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्याला फक्त नाटक पातळ होऊ द्यायचं नव्हतं.

त्या रात्री ते पातळ झालं नाही. बारा वाजता लहान पोरं असलेल्या बायकांची एक खेप गेली, बाकीच्या बसून राहिल्या. दोनच्या सुमाराला मी खोलीत जाऊन पडलो, पण साऊंड गावभर असल्याने खलनायकाने जमीन कशी हडपली ते झोपेतही कळत होतं.

पहाटे चारला करारावरची गाडी परतीच्या खेपा मारायला लागली. दुसऱ्या खेपेला लोचा झाला. सचिवाने हिशेब केला होता एका गाडीत ५५ माणसांचा, पण परत जाणाऱ्यात काल आमच्या गाडीने, ट्रॅक्टरने, पायीसुद्धा आलेली माणसं होती. सगळ्यांकडे गुलाबी तिकीट, सगळ्यांनी १० रुपये दिलेले. करारावरचा ड्रायव्हर म्हणाला, माझे ठरलेले तास सहाला संपतात, मी एवढ्या खेपा मारू शकत नाही. दाराशी ओढाताण झाली. एक पोरगा टपावर चढायला निघाला.

मामा आमची गाडी गरम करत होते. साहेबांनी बाहेर येऊन सगळं बघितलं आणि मला म्हणाले, "वाहक, तुमच्या रस्त्यावरची गावं कोणती?" मी सांगितलं, तीन. ते स्वतः दाराशी उभे राहिले आणि ओरडले, "या तीन गावांचे लोक मुक्कामी गाडीत बसा. इथे मात्र तिकीट लागेल." थोडी कुरकुर झाली. गाडीचे पैसे दोनदा का, असं दोघं-तिघं म्हणाले आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सचिवाने खिशातून काढून त्यांचे दिले. बाकीचे बसले. मी मशीन चालू केलं. अर्धं, अर्धं, शून्य, अर्धं. टोपीवाले आजोबा रात्रभर जागे होते, डोळे लाल, पण तिकीट दोन्ही हातांनीच घेतलं.

पावणेसहाची गाडी सहाला निघाली. कॉलेजच्या पोरांना उभं राहावं लागलं, त्यांनी मंडईवाल्यांना बोल लावले. साहेब परत इंजिनाशेजारी टेकून लिहीत होते. कालचे चढ-उतार, आजचे चढ-उतार. अर्ध्या रस्त्यावर गाडी सैल झाल्यावर त्यांनी पॅड माझ्यासमोर धरलं. रकान्यांच्या खाली 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा असते, बहुतेक वेळा कोरी. तिथे बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं होतं की मंडईचा दिवस सरासरीत धरलेला नाही, मात्र या मार्गावर नोव्हेंबर ते मार्च असे दिवस सतत असतात, त्या काळाचं सर्वेक्षण स्वतंत्र करावं, आणि गाडी रात्री गावात उभी असते म्हणून पहाटेची परतीची सोय होते. वड्यांचं काही लिहिलं नव्हतं.

"ताईंना दाखवू नका," ते म्हणाले. "म्हणतील, एवढंच का."

गाडी बंद झाली नाही. सुटायची वेळ अर्धा तास पुढे ढकलली आणि उन्हाळ्यात मुक्काम दोन थांबे अलीकडे केला, म्हणजे शेवटच्या गावाला एप्रिल-मेमध्ये गाडी नाही. त्यावर ताई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, जसं काही वेळापत्रक मीच बनवतो.

यंदा दिवाळीच्या आधी तीन गावांच्या मंडळांचे लोक एकत्र आगारात आले. तिन्ही मंडया लागोपाठच्या तारखांना घेतल्या आहेत, गाडी तीन रात्री सलग करारावर पाहिजे, मधल्या दिवशी ती आगारात परत नेऊ नका, गावातच राहू द्या, म्हणजे रिकाम्या धावेचे पैसे पडायला नको, असं त्यांचं म्हणणं. करार बघणारे कारकून म्हणाले, दिवसा गाडी नुसती उभी ठेवता येत नाही, तिला दुसरी ड्यूटी असते. सचिवाने विचारलं, मग दिवसा तीच गाडी वडसा ते मंडई तिकिटावर का नाही चालवत? त्या दिवसाचा आकडा धरा किंवा धरू नका. कारकुनांनी फाईल आतल्या साहेबांकडे पाठवली आहे. अनामत मात्र आधी भरून घेतली. पानठेलेवाल्याने यंदाही पैसे दिलेले नाहीत.